कंबर ८६ सेंटिमीटर

जूनमध्ये ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझी कंबर भरली ८६ सेंटिमीटर. जपानमध्ये चाळिशी लागली की थेट चौऱ्याहत्तरीपर्यंत दर वर्षी ही फीत कमरेभोवती फिरते. २००८ पासून तसा नियमच आहे. फीत धरणारी नर्स अदबीने म्हणाली, "श्वास सहज सोडा." मी पोट आत ओढून घेतलंय हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं. ती काही बोलली नाही. फीत बेंबीवर तशीच धरून, खाली बघत, नुसती थांबली. माणसाला कधीतरी श्वास सोडावाच लागतो. मग तिने आकडा लिहिला, 'त्रास दिला, माफ करा' म्हणाली आणि पुढच्याला आत बोलावलं.

इथे पुरुषांची मर्यादा ८५ आणि बायकांची ९०. म्हणजे मी पास! डिसेंबरात तीच कंबर घेऊन पुण्याला आले. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली भारतीयांसाठी जी मर्यादा ठरवली, ती बायकांना ८० आणि पुरुषांना ९०. नऊ-दहा तास विमानात बसून राहण्यापलीकडे मी काहीही केलं नव्हतं, तरी तोक्योत सडपातळ म्हणून चढलेली बाई पुण्यात स्थूल म्हणून उतरली. (जपानी फीत बेंबीवर धरतात आणि आपल्याकडे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, त्यामुळे एखाद-दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे. पण सहाचा फरक त्यात बसत नाही.) बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या, बाबतीत मात्र २००९ च्या आपल्या तज्ज्ञांचं आणि जपानचं एकमत. उंची १५८, वजन ६६, म्हणजे २६.४. दोघांचीही स्थूलतेची रेघ पंचविसाला.

सहकारनगरच्या घरी पोचल्यावर ना फीत लागली ना वजनकाटा. आत्याने दारातच निकाल दिला, "तब्येत सुधारलीय हो! जपान मानवलं तुला." पुण्यात 'तब्येत सुधारली' हे अभिनंदन नसतं, हे पुण्याबाहेरच्यांना सांगावं लागतं. शेजारच्या काकूंनी जिन्यातच विचारलं, "थायरॉइड तपासलंस का गं?" चौदा वर्षं परदेशात काढल्यावर या चौकशीचा रागही येतो आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटतं. तोक्योत माझी कंबर नऊ इंचांनी वाढली असती तरी शेजारणीने हवामानाबद्दलच बोलणं काढलं असतं.

हा विषय आपल्याकडे तसा कायम तापलेला. काही वर्षांपूर्वी घराघरांत 'दीक्षित की दिवेकर' अशी फाळणी झाली होती. एक पंथ दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवणारा आणि दुसरा दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारा. आमच्या एका लग्नाच्या पंगतीत दोन्ही पंथ समोरासमोर आले होते, जिलबीवर मात्र समेट झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये खाण्यातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात, चॅम्पियन्स करंडक चालू असताना, एका पक्षाच्या प्रवक्त्यांनी रोहित शर्माला खेळाडूच्या मानाने जाड ठरवलं. आठवडाभरात, ९ मार्चला, त्याने दुबईच्या अंतिम सामन्यात ७६ धावा केल्या, सामनावीर झाला, करंडक घेऊन घरी आला. आमच्या घरच्या ग्रुपवर तेव्हा एकच जल्लोष: बघा, जाड माणूस फिट असतो!

जल्लोषात मीही होते. पण एका सामन्याने काय सिद्ध होतं? फलंदाजी चांगली होती एवढंच. फिट म्हणजे काय, हे आधी ठरवायला नको का?

रविवारी सकाळी आम्ही सिंहगडावर गेलो. मी, वहिनी आणि माझा आतेभाऊ. हा दादा आमच्या घराण्याचा आदर्श. वय त्रेचाळीस, वजन ६१, कॉलेजातली पँट अजून कमरेला होते, आणि आत्या ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. हिंजवडीत नोकरी. दिवसाचे दहा तास खुर्चीत आणि अडीच तास गाडीत. आतकरवाडीची वाट लांबीला जेमतेम तीन किलोमीटर, पण चढ अंगावर येणारा, आणि पुणेकर एकमेकांना तिथे नमस्कार करण्याऐवजी 'किती मिनिटं?' असं विचारतात. पाव वाट झाली आणि दादा पहिल्यांदा टेकला. मग ताक. मग लिंबू सरबत. मग मोबाइलला रेंज येते का ते बघणं. मी घामाने निथळत होते, शेजारून सत्तरीचे एक काका अनवाणी पुढे निघून गेले (ते नेहमीच असतात), पण माझी बडबड काही थांबली नाही. चढताना सलग बोलता येतंय, म्हणजे दम शाबूत आहे. पुणे दरवाज्यापाशी पोचून मी पंचवीस मिनिटं दादाची वाट बघितली. तो आला तेव्हा ओठ पांढरे पडले होते आणि शर्ट मात्र कोरडा.

पिठलं-भाकरी समोर आली तेव्हा त्याने खिशातून गोळी काढली. मधुमेह दोन वर्षांपूर्वीच निघाला होता. आत्याला सांगितलेलं नव्हतं. "तिला वाटतं शुगर जाड माणसांना होते," म्हणाला.

याचं उत्तर पुण्यातच, रास्ता पेठेत, लिहिलं गेलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय तंतोतंत २२.३. दोघेही कुणीही 'छान आहे हो तब्येत' म्हणावं असे. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन भरले ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, हे एका फोटोत दाखवून झालं. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याच्या आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडापेरानं, स्नायूंनी कितीतरी बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र तितकी कमी नाही. किडकिडीत दिसणारं, पण आतून चरबी राखून असलेलं बाळ. बाळ पोटात असताना आईला पुरेसं मिळालं नाही की ते स्नायूंत काटकसर करतं आणि चरबी सांभाळतं, असा त्याचा अर्थ लावतात. तेच बाळ पुढे हिंजवडीत खुर्चीत बसतं आणि चाळिशीत गोळी घेतं.

म्हणूनच पुण्यात बसून 'जाड माणूस फिट असू शकतो का' यावर वाद घालणं मला अर्धवट वाटतं. आपल्याकडे जास्त माणसं जिथे फसतात तो प्रश्न उलटा आहे: बारीक माणूस अनफिट असू शकतो का? आणि तो तर घरटी एक आहे.

तरी पहिल्या प्रश्नाला बगल देत नाही. अमेरिकेत डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीव्हन ब्लेअर यांनी हजारो माणसांना ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवलं आणि मग वर्षानुवर्षं कोण जगतं, कोण जातं याची नोंद ठेवली. ते स्वतः बुटके, जाडे, टकले आणि रोज पळणारे. स्वतःची ओळखही तशीच करून द्यायचे. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने जवळजवळ २२ हजार पुरुषांचा हिशोब मांडला, त्यात दम नसलेले सडपातळ पुरुष दम असलेल्या जाड्यांपेक्षा जास्त दगावलेले निघाले. २०२४ च्या अखेरीस अशा वीस अभ्यासांचा, सुमारे चार लाख माणसांचा, एकत्र ताळा आला. त्यातही तेच: दम असेल तर वजनामुळे मृत्यूचा धोका फारसा बदलत नाही, आणि दम नसेल तर तो दुप्पट-तिप्पट होतो, मग माणूस कोणत्याही मापाचा असो. गंमत म्हणजे या अभ्यासांत 'फिट' कोण? आपल्या वयाच्या लोकांत तळातल्या वीस टक्क्यांत नसलेला कुणीही. मॅरेथॉन वगैरे काही नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढणाऱ्याने उगाच घाबरू नये.

दुसऱ्या बाजूचेही आकडे आहेत. ब्रिटनमध्ये ३५ लाख लोकांच्या डॉक्टरी नोंदी २०१७ मध्ये चाळल्या. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं ठीक असलेल्या स्थूल लोकांनाही हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार सडपातळ निरोगी लोकांपेक्षा निम्म्याने जास्त होत होता आणि हृदय कमजोर होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट. वाद घालणारे हे दोन अभ्यास एकमेकांच्या डोक्यावर आपटतात. पण डॅलसवाल्यांनी दम मोजला आणि ब्रिटनवाल्यांनी रक्त. रिपोर्ट नॉर्मल आलेला माणूस जिना चढू शकतो की नाही, हे त्या ३५ लाख कागदांवर कुठेच नव्हतं. आणि दम कितीही असला तरी गुडघे काही ट्रेडमिलचा रिपोर्ट वाचत नाहीत. माझा उजवा गुडघा गड उतरताना दर पावलाला ६६ चा पाढा म्हणत होता.

जाड आणि फिट यांची कमाल बघायची तर तोक्योतल्या र्योगोकूला सूमोची सकाळची तालीम बघावी. मी एकदा गेले होते. दीडशे किलोचा गडी एक पाय डोक्याच्या उंचीपर्यंत उचलतो, क्षणभर तसाच तोलतो आणि मग जमिनीवर आदळतो, असं शेकड्याने. नंतर दोन्ही पाय सरळ रेषेत फाकवून छाती मातीला टेकवतो. उपाशीपोटी तालीम, मग भांडंभर चांको-नाबे (मल्लांचा मांस-भाज्यांचा रस्सा) आणि मग झोप. तालीम चालू असेपर्यंत त्यांची चरबी बहुतेक कातडीखाली राहते, आतड्यांभोवती कमी, आणि रक्तातली साखर त्या देहाच्या मानाने बरी असते. निवृत्तीनंतर तालीम सुटते, खुराक सुटत नाही. मधुमेह, हृदयविकार लागतात आणि माजी मल्ल सामान्य जपानी पुरुषापेक्षा लवकर जातात. हे ऐकताना मला परकं वाटलंच नाही. लाल माती सुटली की पैलवानाचं पोट सुटतं, हे पुण्यातला कुठलाही वस्ताद सांगेल. शरीर तेच असतं, फक्त त्याला रोज लागणारी मेहनत थांबलेली असते.

मग जपान बरं की पुणं? इथला कायदा कंबर मोजतो, ठरलेल्या आकड्यापुढे गेलात आणि रक्तातही काही गडबड निघाली तर सल्लागार बाई फोन करते, महिनोन्‌महिने पाठपुरावा होतो. वाईट नाही. 'मेताबो' (मेटाबॉलिक सिंड्रोमचं छोटं रूप, म्हणजे पोट सुटलेला) हा शब्द तर शिवीसारखा रुळलाय, फक्त लोक तो स्वतःलाच घालतात. पण बायकांना पुरुषांपेक्षा सैल मर्यादा देणाऱ्या फितीवर इथले तज्ज्ञच वर्षानुवर्षं टीका करत आलेत, आणि फितीला दम कुठे कळतो? जपानमध्ये सगळं मोजतात, बोलत कुणी नाही. पुण्यात सगळे बोलतात, मोजत कुणी नाही. मला विचाराल तर इथलं एकच उचलून पुण्याला न्यावं, आणि ती फीत नव्हे. सकाळी साडेसहाला तोक्योतल्या आमच्या निशि-कासाईच्या बागेत रेडिओवर कवायत लागते, जपानी रेडिओवर ती १९२८ साली सुरू झाली. दहा मिनिटं. ऐंशीच्या आजी, कमरेत वाकलेले आजोबा, मी. कोण जाड, कोण बारीक, कुणी मान वळवून बघत नाही, कारण प्रत्येकाचे हात तेव्हा वर असतात.

निघायच्या आदल्या रात्री दादाला एवढंच म्हटलं की वजनाचं मला सांगू नकोस, पर्वतीची पायरी सांग. फेब्रुवारीत त्याचा पहिला मेसेज आला: 'चाळीस.' मग 'बावन्न.' मग मध्ये तीन आठवडे काहीच नाही, मार्चअखेर होती. काल सकाळी आला: 'नव्वद. शुगरही उतरलीय. वजन ६१, तेवढंच.'

मी तो घरच्या ग्रुपवर पुढे ढकलला. पाच मिनिटांत आत्याचं उत्तर: 'पर्वतीवर कशाला पाठवतेस गं त्याला? आधीच किती वाळलाय.'