‘एकच दणदणीत पंप लावा’ या प्रतिक्रियेला उत्तर

होडीतल्या पंपांबद्दल मी जे लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं: १८ फुटी उघड्या होडीला दोन बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारे), दोन फ्लोट (पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारे स्विच), दोन वेगळ्या नळ्या आणि वर अलार्म हा निव्वळ सोस आहे. त्यापेक्षा २००० जीपीएचचा एकच पंप घ्यावा, नळीतलं पाणी परत येऊ नये म्हणून एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) टाकावा, वायर मास्टर स्विचमधून (होडीची सगळी वीज तोडणाऱ्या मुख्य बटणातून) न्यावी, विषय संपला. ‘पंप विकणाऱ्यासारखं लिहिता’ हा टोलाही पोचला.

टोल्याचं राहू द्या. तुमच्या योजनेबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे: ती दिसायला सोपी आहे, पण तिच्यातला प्रत्येक उपाय पुढची अडचण घेऊन येतो.

आधी तो आकडा. २००० जीपीएच म्हणजे तासाला २००० अमेरिकन गॅलन, मिनिटाला साधारण १२६ लिटर. हा आकडा बहुतेक वेळा नळी न जोडता, पाणी जराही वर न चढवता आणि १३.६ व्होल्टवर मोजलेला असतो. होडीत पाणी मीटरभर वर चढतं, तीन मीटर नळीतून जातं, दोन वळणं घेतं. आणि संकटात इंजिन बंद असेल तर बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास असते. एवढ्यानं तिसरा हिस्सा सहज जातो. आतून वळ्या असलेली स्वस्त नळी लावली तर आणखी. आणि वायर? असा पंप आठ-नऊ अँपिअर घेतो. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून दहा मीटर वायर होते. ती १.५ चौरस मिलिमीटरची असली तर जवळजवळ एक व्होल्ट वायरमध्येच संपतो. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते, आणि अशा सेंट्रिफ्यूगल (पाणी गरगर फिरवून बाहेर ढकलणाऱ्या) पंपात दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणून मोठ्या पंपाला निदान ४ चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर लागते. सोपेपणाला पहिला तडा इथे जातो.

दुसरा तडा नळीत. एवढ्या पंपाला साधारण २९ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी लागते. तीन मीटर नळीत दोन लिटर पाणी मावतं. पंप थांबला की ते सगळं खाली येतं. व्ही आकाराच्या अरुंद तळात दोन लिटरनं पातळी इतकी वाढते की फ्लोट पुन्हा उचलला जातो, पंप सुरू होतो, तेच पाणी वर फेकतो, थांबतो, पाणी परत येतं. रात्रभर हाच खेळ. हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही एनआरव्ही सुचवलात.

पण खरी गोम त्या एनआरव्हीतच आहे. पंपानं तळ जवळपास कोरडा केला की इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चक्राच्या) घरात हवा शिरते. व्हॉल्व्ह मिटलेला, त्याच्या डोक्यावर मीटरभर पाण्याचा खांब. पुन्हा पाणी चढतं तेव्हा ती हवा इम्पेलर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोंडते. सेंट्रिफ्यूगल पंप हवेवर दाब देऊ शकत नाही म्हटलं तरी चालेल, कारण हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी. मोटर फिरतेय, आवाज येतोय, बाहेर थेंब नाही. वर ऐकणाऱ्याला वाटतं, पंप चालू आहे, काळजी नको. शिवाय कचऱ्याचा एक तुकडा त्या झडपेत अडकला की ती एक तर उघडी राहते, नाही तर मिटलेलीच. झडपेविना हवा नळीतून वर निघून जाते. मात्र नळी पंपापासून बाहेरच्या तोंडापर्यंत चढती हवी, मध्ये कुठे झोळ पडला तर तिथेही हवा कोंडते.

आता माझे दोन पंप बघा. तळाच्या सर्वांत खोल जागी ५०० जीपीएचचा छोटा, १९ मिलिमीटर नळीचा. त्याचं परत येणारं पाणी लिटरभरही नसतं, त्याच्या फ्लोटला एवढं फेरपाणी सोसतं, व्हॉल्व्ह लागत नाही. रोजचं झिरपणं आणि पाऊस हा बघतो. मोठा पंप थोडा वर, त्याचा फ्लोट छोट्याच्या फ्लोटपेक्षा हातभर नव्हे पण चांगला १० सेंटिमीटर उंच. तो क्वचितच चालतो, त्यामुळे त्याचे दोन लिटर परत आले तरी कुणाचं काही बिघडत नाही, आणि तो चिखलकचऱ्यात बुडून न राहिल्यानं गरजेच्या दिवशी फिरतो. दोन्ही नळ्यांची तोंडं वेगळी, पाण्याच्या रेषेच्या बरीच वर. वाय जोड देऊन एक केली तर एका पंपाचं पाणी दुसऱ्यातून परत तळात येतं.

मास्टर स्विचबद्दल मला वाद घालायचाच नाही. होडी नांगरून तुम्ही घरी गेलात, मास्टर बंद. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १०० लिटर. तुमच्या होडीत ८००-९०० लिटर पाणी आणि पंप झोपलेला. म्हणून छोट्या पंपाची वायर थेट बॅटरीपासून हवी, आणि बॅटरीजवळच निर्मात्यानं सांगितलेल्याच मापाचा फ्यूज. मोठा फ्यूज टाकला तर अडकलेल्या पंपाची वायर तापत राहील. बॅटरी संपेल ही भीती आकड्यात बसत नाही: मिनिटाला २० लिटर धरले तरी हे पाणी पाऊण तासात जातं, खर्च दीड अँपिअर-अवर. बॅटरी खातो तो वर अडकून बसलेला फ्लोट. तो दिवसात ४८ अँपिअर-अवर खाऊ शकतो. फ्लोटला जाळीचं झाकण त्यासाठीच सांगितलं होतं. पेट्रोल इंजिनाच्या बंद कप्प्यात पंप आणि स्विच ठिणगीपासून सुरक्षित प्रकारचेच घ्या, हे वेगळं सांगायला नको.

अलार्मबाबत निम्मं तुमचं मान्य. नांगरलेल्या रिकाम्या होडीत तो कुणी ऐकत नाही. पण चालत्या होडीत इंजिनाच्या आवाजात पंप ऐकूच येत नाही, आणि तो मुकाट्यानं गळती झाकत राहतो. मोठ्या पंपाच्या फ्लोटवरच भोंगा जोडला की काम होतं, तिसरा फ्लोट नको. आणि तुमची होडी दर वेळी ट्रेलरवर चढून तळाचा बूच काढून ठेवली जात असेल, तर स्वयंचलित पंपही नको. हातपंप आणि बादली पुरे.

एका गोष्टीवर मात्र तुमचा विश्वास मला पटत नाही: ‘मोठा पंप असला की भोक पडलं तरी निभावतं.’ पाण्याच्या रेषेखाली ३० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचं भोक मिनिटाला ४० ते ४५ लिटर पाणी आत घेतं. होडीच्या अंगातून बाहेर जाणाऱ्या ३८ मिलिमीटरच्या तोटीवरून नळी निसटली तर हेच १०० लिटरच्या घरात जातं. तुमचा १२६ चा पंप प्रत्यक्षात ८० देत असेल, तर होडी बुडतेच, फक्त सावकाश. त्या मिळालेल्या वेळात भोकात ठोकायला लाकडी खुंटी हाताशी हवी. प्रत्येक तोटीशेजारी तिच्या मापाची एक खुंटी दोरीनं बांधून ठेवा. या खुंट्यांबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही.

पंप तुमच्याकडे आहेच, तर एक करून पाहा. होडी ट्रेलरवर, इंजिन बंद, तळात पुरेसं पाणी ओता आणि नळीच्या बाहेरच्या तोंडाखाली १० लिटरची बादली धरा. डब्यावरचा आकडा खरा असेल तर ती पाच सेकंदांच्या आत भरेल. किती सेकंद लागले ते इथेच खाली लिहा, मग वायर बदलायची की नळी ते ठरवू.