उघाडीचा फोटो

सिंगापूरच्या वायव्य टोकाला सुंगेई बुलोह नावाची पाणथळ आहे. रविवारी तिथे काढलेले फोटो मी नेरुळला आई-बाबांना पाठवते. चिखलात उन्हं खात पडलेली घोरपड, डोळे वर काढून बसलेली निवटी मासळी. निवटी बघून आई लगेच म्हणाली, "ही तर दिवाळे गावच्या कोळणींकडे मिळते!" पण मला सगळ्यात मोलाचा वाटलेला फोटो कुणाच्याच नजरेत भरला नाही. त्यात पक्षी नाही. बांधातली एक झडप आहे, खालच्या अंगाला शेवाळ धरलेली, कडेनं पाणी झिरपतंय. आपल्याकडे खारजमिनीत जिला उघाडी म्हणतात, तीच.

इथे पूर्वी कोळंबीची तळी होती. १९८६ मध्ये पक्षिनिरीक्षकांनी ती राखायची मागणी केली आणि १९९३ मध्ये उद्यान खुलं झालं. भरतीला बाहेरचा चिखल बुडतो, तेव्हा उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत आलेल्या पाखरांना टेकायला जागा लागते. म्हणून उघाडीनं तळ्यातलं पाणी उतरवून चिखल उघडा ठेवतात.

नवी मुंबईत नेरुळच्या डीपीएस शाळेलगतच्या तलावाचं गणित वेगळं नाही. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, ओहोटीला ठाणे खाडीत चरतात, भरती चढली की असल्या उथळ तळ्यांवर येतात. २०२४ मध्ये या तलावात भरतीचं पाणी यायची वाट बंद झाली, तळं सुकत गेलं, आणि त्याच उन्हाळ्यात तिथे रोहित मेल्याच्या बातम्या मी इथे बसून वाचल्या. त्या तळ्यापासून पायी पंधरा मिनिटांवर मी वाढले, आणि माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हापासून घरी फोन केला की एकच वाद. असल्या तळ्यांच्या जागी पाखरं हवीत की माणसांना घरं? मामेभाऊ म्हणतो, "तुला तिकडून बोलायला काय जातं?" त्याचा राग मला कळतो. सिंगापूरनंही समुद्रात भराव घालून आपली जमीन सुमारे पाव हिश्श्यानं वाढवली, त्यात कांदळवनं गेली. या देशाचा कित्ता गिरवा, असं मी म्हणणार नाही.

पण इथली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. २००१ मध्ये पुलाऊ उबिन बेटावरच्या चेक जावा किनाऱ्यावर भराव पडायचा होता. लोक ओहोटीला तिथे जाऊ लागले, दिसेल त्या जिवाचे फोटो काढले, नोंदी केल्या, त्या सरकारपुढे ठेवल्या. भराव लांबणीवर पडला, किनारा आजही आहे.

आपली खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. डीपीएस तलाव राखीव करायलाही राज्य वन्यजीव मंडळानं २०२५ मध्ये संमती दिली. मला मनापासून आनंद झाला. पण कागद झाला तरी पाण्याची वाट कुणीतरी रोज बघायला हवी, आणि ते काम तिथे राहणाऱ्यांनाच जमेल. आपण गुलाबी थव्यांचे हजारो फोटो काढतो, पाणी आत येतं त्या तोंडाचा कुणी काढत नाही.

परवा बाबांना म्हटलं, सकाळी फिरायला जाल तेव्हा त्या तोंडापाशी थांबा, रोज एकाच जागेवरून एक फोटो काढा, तारीख आणि भरतीची वेळ लिहून ठेवा.

"अगं, पण पक्षी नसले तर?"

नसले तरी काढा, बाबा.