पगार करारात असू द्या, चौकशी नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रविवारीच वाचली होती, पण लगेच उत्तर लिहायला हात धजला नाही. तिच्यात राग होता आणि तो खरा होता. ज्यांच्या वाचनातून ती निसटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या पोलीस युनियन शहरांशी नोकरीच्या अटींचे जे करार करतात, त्यांच्यावरच्या माझ्या लेखावर 'एका हवालदाराचा मुलगा' अशी सही करून तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. बत्तीस वर्षं बंदोबस्तात उभ्या राहिलेल्या माझ्या वडिलांना कधी तोंड उघडता आलं नाही, आणि तुम्ही मिनिआपोलिसमध्ये बसून पोलिसांच्या संघटनेला नावं ठेवता, हा पहिला. शिपायाला संरक्षण नसलं की साहेब आणि पुढारी मिळून त्याचाच बळी देतात, हा दुसरा. भरती, प्रशिक्षण, शिक्षा, सगळ्याचं खापर करारावर फोडणं अति झालं, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे बरीचशी चूक माझी आहे. भरतीबद्दल मी सैल लिहिलं. कोणाला पोलिसात घ्यायचं हे मुख्यतः राज्याचे कायदे, परवाना देणारी मंडळं आणि नागरी सेवेचे नियम ठरवतात. क्लीव्हलँडचं उदाहरण घ्या. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये खेळण्यातलं पिस्तूल हातात असलेल्या बारा वर्षांच्या टामिर राइसला ज्या पोलिसाने गोळी घातली, तो आधी शेजारच्या एका छोट्या गावच्या पोलिसात होता आणि नालायक ठरल्यामुळे तिथून बाहेर पडला होता. क्लीव्हलँडने त्याचं आधीचं सेवापुस्तक उघडूनच पाहिलं नाही. यात युनियनचा काय दोष? पुढे २०१७ मध्ये त्याला काढलं तेही गोळी घातल्याबद्दल नव्हे, नोकरीच्या अर्जात खोटं लिहिल्याबद्दल. युनियन त्याच्यासाठी लढली, पण लवादाने, म्हणजे दोन्ही बाजूंचं ऐकून निवाडा देणाऱ्या तटस्थ माणसाने, बडतर्फी कायम ठेवली. हे उदाहरण माझ्या लेखात यायला हवं होतं.

प्रशिक्षणाच्या बाबतीत मात्र मी अर्धंच मागे येतो. अकादमीतला अभ्यासक्रम राज्य ठरवतं, हे खरं. पण पोलीस घडतो तो त्यानंतर, जुन्या पोलिसाच्या गाडीत शेजारी बसून. २५ मे २०२० ला मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा रोवून त्याचा जीव घेणारा डेरेक शॉविन हा नव्यांना शिकवणारा अधिकारी होता. त्याच्यावर तोवर किमान सतरा तक्रारी झालेल्या होत्या आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या शिक्षेविना बंद झाल्या होत्या. त्या दिवशी फ्लॉइडला धरून बसलेल्या दोघा नव्या पोरांपैकी एक त्याच्याच हाताखाली शिकलेला. तक्रारी कागदावरच विरल्या की तोच माणूस गुरू होतो. शिक्षा आणि प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असं मी म्हणतो ते यासाठी. त्याच शहरात २०१९ मध्ये महापौर जेकब फ्रे यांनी समोरच्या प्रत्येकाला धोका समजायला शिकवणाऱ्या 'योद्धा' पद्धतीच्या प्रशिक्षणावर बंदी घातली, तेव्हा युनियनने तेच प्रशिक्षण आपल्या सभासदांना फुकट देऊ केलं होतं.

आता शिक्षेकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं इथे आहे.

स्टीफन रशिन या कायद्याच्या प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांचे १७८ करार वाचून काढले. त्यातल्या १५६ करारांत रास्त शिक्षेच्या आड येऊ शकेल असं किमान एक तरी कलम निघालं. कुठे घटनेनंतर काही दिवस पोलिसाला प्रश्नच विचारायचे नाहीत. कुठे त्याच्या विरुद्धचा पुरावा आधी त्यालाच दाखवायचा. कुठे ठरावीक वर्षांनी शिक्षेची नोंद पुसून टाकायची. शिकागोत तक्रारदाराने शपथपत्र दिल्याशिवाय चौकशी पुढे सरकत नसे. तिथे लक्वान मॅकडॉनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं की पोलिसांची आपसात मौन पाळायची रीत या करारांनी जवळपास अधिकृत धोरण करून टाकली आहे.

पण सगळ्यात मोठी मेख आहे ती लवादाची. प्रमुखाने पोलिसाला काढलं की प्रकरण लवादाकडे जातं आणि त्याचा निर्णय शहरावर बंधनकारक असतो. बऱ्याच ठिकाणी लवाद शहर आणि युनियन मिळून निवडतात, यादीतली नको ती नावं दोघांनी आळीपाळीने खोडत. एका बाजूला फार झुकणारा लवाद पुढच्या यादीत टिकत नाही. शिवाय लवाद विचारतो, अशाच गुन्ह्याला याआधी काय शिक्षा दिली होती? दहा वर्षांपूर्वीच्या ढिल्या प्रमुखाने कोणाला लेखी ताकीद देऊन सोडलं असेल, तर आजच्या कडक प्रमुखाचे हात तिथेच बांधले जातात. वॉशिंग्टन पोस्टने २०१७ मध्ये हिशोब मांडला: २००६ पासून देशातल्या मोठ्या पोलीस दलांनी गैरवर्तनाबद्दल किमान १,८८१ जणांना काढलं होतं आणि त्यातल्या ४५० हून अधिक जणांना परत घ्यावं लागलं होतं.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एका पोलिसाने बेघर माणसाला पावाच्या दोन तुकड्यांत विष्ठा घालून दिली. प्रमुखाने त्याला काढलं. करारात कलम होतं की १८० दिवसांपेक्षा जुन्या कृत्याबद्दल शिक्षा देता येणार नाही. घटना नेमकी कधी घडली हे शहराला सिद्ध करता आलं नाही आणि लवादाने बडतर्फी रद्द केली. दुसऱ्या एका घाणेरड्या प्रकरणामुळे तो शेवटी बाहेरच राहिला, पण पहिल्या प्रकरणात जिंकलं ते कलम.

तुमचा दुसरा आक्षेप मला इथेच भिडतो. साहेब शिपायाचा बळी देतात, हे तुम्ही घरात पाहिलं आहे. म्हणून निलंबन आलं की माणूस आधी वकील गाठतो, विभागीय चौकशीत उत्तर देतो, मग मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातो. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाने चौकशीशिवाय बडतर्फीला आडकाठी केली आहे, तीही गरजेचीच. अमेरिकेतही काढण्याआधी बाजू मांडायची संधी सरकारी नोकराला मिळायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं. ते काढून घ्या, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण हे संरक्षण कायद्यातून येतं, सगळ्यांसमोर चर्चा होऊन. करारातली कलमं बंद दाराआड ठरतात. पगारवाढीला तिजोरीत पैसा नसला की शहराचे लोक म्हणतात, बरं, चौकशीचं हे एक कलम घ्या. त्याला आज काही खर्च येत नाही. ज्याला तो खर्च पुढे सोसायचा आहे तो माणूस त्या टेबलावर नसतो. हा दोष युनियनइतकाच शहराचाही आहे, आणि मूळ लेखात मी शहराला फार सहज सोडलं.

एक अभ्यास मला अजून अस्वस्थ करतो. फ्लोरिडात २००३ च्या न्यायालयीन निकालाने शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्यातून निवडून येणाऱ्या पोलीस प्रमुखाच्या, हाताखालच्या पोलिसांना सामूहिक करार करायचा हक्क मिळाला. शहरी पोलिसांना तो आधीपासून होता, त्यामुळे तुलना करता आली. हक्क मिळाल्यावर शेरीफ कार्यालयांत हिंसक गैरवर्तन सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचं संशोधकांना आढळलं. म्हणजे वाईट कलमांपलीकडे, संघटनेच्या पाठबळानेच काही बदलतं की काय? तरीही माझा कल संघटनेच्या बाजूनेच राहतो, कारण दुसऱ्या टोकाला काय होतं तेही आपल्याला माहीत आहे.

बॉस्टनच्या अकराशेहून अधिक पोलिसांनी १९१९ मध्ये कमी पगार, लांबलचक ड्युट्या आणि घाणीने भरलेली ठाणी यांना कंटाळून संप केला. सगळ्यांना कामावरून काढलं, परत कोणालाही घेतलं नाही. आणि १८ ऑगस्ट १९८२ तर तुमच्या घरातलंच आहे. मुंबईत पोलीस रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं, संघटना मोडली गेली. त्यानंतर आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात व्हायला २०१६ उजाडलं. मधली चौतीस वर्षं तुमच्या वडिलांसारख्यांच्या गुडघ्यांनी आणि रक्तदाबाने भरून काढली.

तेव्हा तुमच्या थेट प्रश्नाला थेट उत्तर: महाराष्ट्रात पोलिसांना संघटना हवी का? हवी. पगार, पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, क्वार्टर्स, आजारपण, बंदोबस्ताचं पाणी आणि जेवण, या सगळ्यावर तिने भांडावं, आणि जोरात भांडावं. गोळी झाडल्यावर किती तासांनी प्रश्न विचारायचे, तक्रारीची नोंद किती वर्षं ठेवायची, हे विधिमंडळात ठरावं. मिनिआपोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटाने २०२० मध्ये त्या दिशेने एक पाऊल टाकलं. पोलिसांच्या प्रकरणांत लवाद निवडायचा हक्क दोन्ही बाजूंकडून काढून घेतला, आता ठरावीक यादीतून क्रमाने नेमणूक होते. संघटना तिथे अजून आहे, आणि २०२४ मध्ये मिनिआपोलिसमध्ये तिने तीन वर्षांत मिळून सुमारे २२ टक्के पगारवाढही मिळवली.

वडील ८२ साली मुंबईत ड्युटीवर होते, असं तुम्ही ओघात लिहिलं आहे. त्या आठवड्याबद्दल ते बोलायला तयार असतील तर त्यांना विचाराल का? तेव्हा त्यांच्या मागण्या नेमक्या कोणत्या होत्या, आणि कोणत्या अजून तशाच पडून आहेत, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.