गडद तांबडी शाई आणि आपली दमट हवा

फाउंटन पेनसाठी गडद तांबडी शाई निवडताना कोकणात राहणाऱ्याने रंगाच्याही आधी हवेचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. इंटरनेटवर दिसणारे शाईचे नमुने बहुधा रुंद निबने, गुळगुळीत आणि महागड्या कागदावर काढलेले असतात. तीच शाई रत्नागिरीत जुलै महिन्यात, शाळेच्या दुकानात मिळणाऱ्या लाँगबुकवर, बारीक निबने लिहून पाहावी. पुष्कळदा ती ओळखूसुद्धा येत नाही.

मला ही शाई कशासाठी लागते ते आधी सांगते. आमच्या भजनी मंडळाच्या वह्या मी हाताने उतरवते. अभंग काळ्या शाईत लिहिते आणि ध्रुवपद, कडव्यांचे आकडे व तालाच्या खुणा तांबड्या शाईत. ही पद्धत फार जुनी आहे. हस्तलिखित पोथ्यांमध्ये दंड, श्लोकांक आणि 'उवाच'सारखे शब्द तांबड्या रंगात लिहिलेले आढळतात, आणि त्यासाठी पुष्कळदा हिंगूळ वापरला जाई. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. त्याची पूड खलून डिंकाच्या पाण्यात कालवली की बोरूने उत्तम लिहिता येते, पण फाउंटन पेनच्या जिभलीतील (निबखालच्या, शाई पुढे नेणाऱ्या भागातील) अरुंद खाचांत असले जड कण साचून बसतील. म्हणून आपल्याला पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगद्रव्यांच्या शाईकडेच वळावे लागते.

भडक तांबडी शाई मी या कामासाठी घेत नाही. पांढऱ्या कागदावर अक्षर स्पष्ट दिसणे हे मुख्यतः कागद आणि शाई यांच्या उजळपणातील फरकावर अवलंबून असते, आणि नारिंगीकडे झुकणारी तांबडी शाई त्या बाबतीत कमी पडते. सभामंडपातल्या अपुऱ्या उजेडात, साठीच्या पुढच्या गायिकांना ती ओळ वाचताना डोळे ताणावे लागतात. गडद तांबडी अक्षरे जवळजवळ काळ्याइतकी ठळक दिसतात आणि तरीही वेगळी ओळखू येतात. मला हवी असलेली छटा वाळलेल्या आमसुलासारखी आहे: पातळ रेघेत तांबडी आणि शाई जिथे साचते तिथे काळपट.

अशी छटा सहसा एकाच रंगद्रव्यातून मिळत नाही. तांबड्यात निळा, काळा किंवा तपकिरी मिसळून ती साधलेली असते. हे पाहायचे असेल तर टीपकागदाच्या पट्टीवर शाईचा एक ठिपका द्यावा, पट्टीचे टोक पाण्यात बुडवावे आणि थोडा वेळ थांबावे. पाणी वर चढते तसे मिश्रणातले रंग वेगवेगळ्या उंचीवर सुटे होतात. गडद तांबड्या शाईच्या बाबतीत ही परीक्षा विशेष उपयोगी आहे, कारण मिश्रणातले सगळे रंग उजेडात सारखे टिकत नाहीत. त्यातला तांबडा भाग आधी उडाला तर उरलेले अक्षर तपकिरी किंवा करडे होते. १८७०च्या दशकात इओसिन हे कृत्रिम रंगद्रव्य आले आणि तांबड्या शाईत ते भरपूर वापरले गेले. रंग अत्यंत सुंदर, पण उजेडात फार लवकर फिका पडणारा. व्हॅन गॉखच्या काही चित्रांतले तांबडे-गुलाबी भाग याच कारणाने फिके पडले आहेत. म्हणून नवी शाई घेतली की तिच्या चार ओळी लिहून अर्धा कागद जाड पुठ्ठ्याने झाकावा आणि तो एक-दोन महिने खिडकीच्या काचेला लावून ठेवावा. दुकानदाराला विचारून मिळणार नाही असे उत्तर त्यातून मिळते.

आता हवेकडे येते. कागद हवेतील ओलावा शोषतो. शाई पसरू नये म्हणून कागदाला जी खळ दिलेली असते तिचा उपयोग अशा ओलसर कागदात कमी होतो, मग शाई तंतूंच्या वाटेने फुटते आणि पाठीमागे उमटते. निळी शाई थोडी फुटली तर खपून जाते. गडद तांबडी फुटली की तिच्यातला तांबडा भाग अक्षराच्या कडेबाहेर सरकतो आणि प्रत्येक अक्षराभोवती गुलाबी झालर दिसते. देवनागरीत याचा त्रास अधिक होतो. 'ब' आणि 'व' यांतला फरक एका तिरप्या रेघेचा असतो, 'घ' आणि 'ध' यांतला तर त्याहून थोडा. पोकळ्या शाईने भरल्या की गाणाऱ्याने अंदाजानेच वाचायचे. दुसरी अडचण शिरोरेघेची. आपल्यापैकी बरेच जण शब्द पूर्ण लिहून मग डावीकडून उजवीकडे रेघ ओढतात, म्हणजे निब नुकत्याच लिहिलेल्या, अजून ओल्या असलेल्या दंडांच्या माथ्यांवरून जाते. सावकाश वाळणारी शाई असेल तर तिथे प्रत्येक जोडावर थेंब साचतो. वाळायला किती वेळ लागतो हे म्हणूनच मी सुट्या रेघा मारून कधी ठरवत नाही; एक संपूर्ण कडवे शिरोरेघेसकट लिहून, पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी ठरवते.

या कसोटीवर सर्वांत आधी बाद होतात त्या झळाळीच्या शाया. सेलर या जपानी कंपनीची ओकुयामा किंवा एर्बॅंची रूज एमाटीत या शाया पाहताना मन हरखून जाते हे मी मनापासून मान्य करते. पहिलीच्या तांबड्यावर सोनेरी-हिरवट चमक येते, आणि दुसरी त्या फ्रेंच घराण्याच्या १६७० या स्थापनावर्षाच्या नावाने निघालेल्या मालिकेतली आहे. पण ही चमक मुळात येते ती कागदात न मुरता पृष्ठभागावर साठून राहिलेल्या रंगद्रव्यामुळे. दमट हवेत तो थर पुन्हा ओलसर होतो आणि पान उलटताना अंगठ्याला लागतो. आमच्या वह्या सर्वांत जास्त हाताळल्या जातात त्या भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, भर पावसात, आणि एकाच वहीवर चार-चार जणींचे हात फिरतात. कपाटात राहणाऱ्या रोजनिशीसाठी या शाया जरूर घ्याव्यात, पण हातोहात फिरणाऱ्या वहीसाठी घेऊ नयेत.

साध्या, बिनचमकीच्या शायांमध्ये डायमाइनची ऑक्सब्लड मला सर्वांत समाधानकारक वाटते. डायमाइन ही १८६४ पासूनची इंग्लिश कंपनी असून तिची शाई लिव्हरपूलमध्ये बनते. ऑक्सब्लडची छटा किंचित तपकिरीकडे झुकते, ओघ चांगला आहे आणि बारीक निबमध्येही रंग फिका पडत नाही. तिची ३० मिलिलिटरची लहान बाटलीही मिळते, त्यामुळे पारखून पाहण्यासाठी मोठी बाटली घेण्याची गरज पडत नाही. रोरर अँड क्लिंगनरची आल्ट-बोर्डो जांभळ्याकडे झुकते. पायलटच्या इरोशिझुकु मालिकेतली यामा-बुडो अनेक जण गडद तांबडी म्हणून सुचवतात. शाई उत्तम आहे, पण माझ्या डोळ्यांना ती सरळ जांभळट-किरमिजी दिसते आणि काळ्या ओळींशेजारी ध्रुवपदासाठी शोभत नाही.

ऑक्सब्लडसकट या सगळ्यांना एक मर्यादा आहे. पानावर पाण्याचा थेंब पडला की अक्षर वाहून जाते, आणि कौलांच्या घरात किंवा देवळाच्या पडवीत थेंब पडणारच. म्हणून वहीच्या कामासाठी माझी पसंती प्लॅटिनमच्या क्लासिक मालिकेतील कॅसिस ब्लॅक या शाईला आहे. २०१७ साली आलेली ही मालिका लोहयुक्त शायांची आहे. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून आपल्याकडे काळी शाई करत, त्यामागचे तत्त्वही हेच: लोहाचा क्षार आणि टॅनिनसारखे आम्ल यांच्या संयोगाला हवा लागली की पाण्यात न विरघळणारा काळा पदार्थ कागदाच्या तंतूंतच तयार होतो. लिहिताना कॅसिस ब्लॅक स्वच्छ तांबडी दिसते आणि मग हळूहळू काळवंडत जाते. पाणी पडले तर वरचा तांबडा रंग धुपतो, पण काळपट अक्षर कागदावर राहते. ज्यांना तांबडेपणा कायम हवा आहे त्यांना ती फार काळी वाटेल, हे खरे. मला मात्र अक्षर उरणे अधिक मोलाचे वाटते. ही शाई आम्लधर्मी असल्यामुळे पेनमध्ये वाळू देऊ नये. पेन काही दिवस वापरायचे नसेल तर ते रिकामे करून धुऊनच ठेवावे.

परदेशी शाई प्रत्येकाला परवडेल किंवा वेळेवर मिळेल असे नाही. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनची तांबडी शाई गावोगावी मिळते, पण ती भडक आहे. तिच्यात त्याच कंपनीची काळी शाई थेंबाथेंबाने मिसळून ती गडद करता येते. दहा थेंबांना एक या प्रमाणाने सुरुवात करावी आणि मिश्रण काचेच्या लहान बाटलीत आठवडाभर ठेवून तळाशी साका बसतो का ते पाहावे. साका दिसला तर ते मिश्रण पेनमध्ये मुळीच घालू नये. कोकमाच्या आगळाची शाई का करू नये, असेही मला विचारले जाते. आगळाचा तांबडा रंग अँथोसायनिन या वनस्पतींतल्या रंगद्रव्याचा असतो, तो आम्लता बदलली की बदलतो आणि उजेडात टिकत नाही, शिवाय आगळातले मीठ आणि आम्ल पोलादी निबला गंज आणतील. मुलांना बोरूने गंमत म्हणून लिहू द्यायला हरकत नाही.

पेनबद्दल थोडेसे. गडद तांबडी शाई पारदर्शक पेनमध्ये भरू नये, कारण तिचे डाग प्लॅस्टिकमध्ये मुरतात आणि कितीही धुतले तरी गुलाबी छटा राहते. रबरी पिशवीच्या जुन्या पेनांतही ती घालू नये. एबोनाइटचे (कडक केलेल्या रबराचे), काळ्या जिभलीचे एखादे पेन तिच्यासाठीच राखून ठेवणे सर्वांत सोयीचे. मात्र शाई थेट नळीत भरायचे पेन असेल तर ते अर्ध्याखाली जाऊ देऊ नये, कारण हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावते आणि निबवर थेंब येतो, आणि तांबडा थेंब पांढऱ्या कपड्यावरून सहसा जात नाही. धुताना साधे थंड पाणी पुरते. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग उतरतो. पावसाळ्यात बाटलीच्या तोंडाशी तवंग किंवा तंतू दिसले, किंवा शाईला कुबट वास आला, तर ती बुरशी आहे. ती शाई गाळून वापरण्याचा मोह न धरता टाकून द्यावी, आणि त्या बाटलीतून भरलेले प्रत्येक पेन सुटे करून धुवावे.