बार्बरा राद्झिविलला सासूने विष दिलं?

लिथुआनियाच्या राद्झिविल घराण्यातल्या बार्बराची गोष्ट नेहमी अशी फिरते: साध्या घरातली विधवा, पोलंड-लिथुआनियाचा राजा सिगिस्मुंड ऑगस्टस याने तिच्याशी लपून लग्न केलं, राज्याभिषेकानंतर पाच महिन्यांत सासू बोना स्फोर्झाने तिला विष घातलं, आणि तिचं भूत अजून नेस्विझच्या (आजच्या बेलारूसमधल्या) वाड्यात हिंडतं. यातलं वैधव्य आणि 1547चं चोरून केलेलं लग्न तेवढं खरं.

साधं घर? तिचे वडील लिथुआनियाचे सरसेनापती होते. चुलतभाऊ मिकोवाय, ज्याला सगळे ‘काळा’ म्हणत, त्याला लग्नाच्याच वर्षी सम्राट पाचव्या चार्ल्सने राजपुत्राचा किताब दिला. पोलंडचे सरदार बिथरले ते मुलगी गरीब म्हणून नव्हे. राजाने प्रजेतली बायको केली, त्यातून परकीय सोयरीक काही मिळाली नाही, आणि राद्झिविल डोईजड होणार, ही त्यांची धास्ती. 1548च्या संसदेत त्यांनी लग्न मोडा म्हणून सिगिस्मुंड ऑगस्टसला धारेवर धरलं. तो बधला नाही.

आता विष. राज्याभिषेक 7 डिसेंबर 1550चा, मृत्यू 8 मे 1551चा, आणि ‘पाच महिने’ हाच काय तो पुरावा. पण बार्बरा राज्याभिषेकाआधीपासून आजारी होती. पोटात गाठ, मग गळू, ते फुटल्यावर असह्य दुर्गंधी. असं दुखणं महिनोन्‌महिने वाढत जातं. बहुतेक अभ्यासकांचा कल कर्करोगाकडे आहे. शिवाय बोना 1548मध्येच मुलाशी भांडून माझोव्हिया या पोलंडच्या दुसऱ्या प्रांतात निघून गेली होती. बार्बरा वारली क्राकोव्हमध्ये. बोनाला ही सून नकोशी होती, हे कुणी नाकारत नाही. पण ती इटालियन, म्हणजे विष देणारच, एवढ्यावर लोकांनी खटला निकालात काढला. सूनद्वेष हा गुन्ह्याचा पुरावा धरला तर निम्म्या मालिकांतल्या सासवा तुरुंगात जातील! गंमत म्हणजे 1557मध्ये इटलीतल्या बारी इथे खुद्द बोनालाच तिच्या दरबाऱ्याने विष दिलं, असं मानलं जातं.

भुताचं तर तारखेवरच फसतं. नेस्विझचा सध्याचा वाडा 1583पासून बांधला गेला, बार्बरा जाऊन 32 वर्षं झाल्यावर, तोही ‘काळ्या’च्या मुलाने. तिच्या माहेरची शाखा वेगळी, लिथुआनियातल्या दुबिंगियाई गावची. तिला पुरलं विल्नियसच्या कॅथेड्रलमध्ये. 1931च्या पुरानंतर तिथल्या तळघरात तिचे अवशेष सापडले.