टॅग आम्ही चिकटवायचा, दंडही आम्हीच भरायचा

बुधवारी सकाळी साडेसातला ड्रायव्हरचा फोन. "मालक, गाडी गेटावरच उभी हाय. टॅग लागंना म्हणूलालेत, आत घेऊलाले नाहीत."

मंगळवारी रात्री बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून, आमच्या कारखान्यातून, गाडी भरून काढली होती. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. सहा टोलनाक्यांवर काचेवरचा फास्टॅग बिनबोभाट वाचला गेला. सातवं ठिकाण पुण्याजवळच्या आमच्या गिऱ्हाइकाचं गेट. मालाच्या प्रत्येक बिनावर, म्हणजे पेटीवर, आम्ही आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरीने वाचला जाणारा) लावायचा असा त्यांचा नियम. तिथे ४० बिनांपैकी ३१ बिनांचेच टॅग लागले, म्हणजे मशीनने वाचले. उरलेले ९ बिन समोर दिसताहेत, हात लावून मोजता येतात, चलनावर आहेत, प्रत्येकावर बारकोडचं स्टिकरही आहे. तरी कॉम्प्युटरवर आले नाहीत म्हणून अख्खी गाडी बाहेर. स्टोअरचा माणूस म्हणतो, माझ्या हातात काही नाही, सिस्टिम घेत नाही.

बुधवार असाच गेला. गुरुवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी. आणि आमच्या डोक्यावर ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहतुकीच्या सरकारी ऑनलाइन कागदाची, टांगती तलवार. २०० किलोमीटरला १ दिवस हा नियम. बेळगाव-पुणे साधारण ३४० किलोमीटर, म्हणजे २ दिवस. मंगळवारी संध्याकाळी काढलेलं बिल गुरुवारी मध्यरात्री संपणार. मुदत वाढवायची तर संपण्याआधीच्या ८ तासांत नाहीतर नंतरच्या ८ तासांत. गुरुवारी रात्री साडेदहाला घरी जेवणाचं ताट बाजूला सारून मी ती मुदत वाढवत बसलो होतो. आम्ही कर्नाटकातले, कोगनोळीच्या पुढचं सगळं काम आमच्यासाठी परराज्यातलं, त्यामुळे कागदात एक चूक झाली तर रस्त्यात गाडी अडते आणि दंड कारकुनाच्या मनावर राहत नाही, कायद्याने बसतो. ड्रायव्हर दोन रात्री केबिनमध्ये झोपला. खानापूरचा माणूस, घरी आई आजारी. त्याला काय सांगायचं मी? ९ स्टिकरांनी तुझे दोन दिवस खाल्ले म्हणून?

शुक्रवारी माल उतरला. दुसऱ्या आठवड्यात डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, आली: उशिरा पुरवठा. चूक कुणाची, दंड कुणाला!

आता या टॅगची गोष्ट नीट सांगतो, कारण गिऱ्हाइकाच्या मीटिंगमध्ये ती कुणी ऐकून घेतली नाही. त्यात बॅटरी नसते. गेटवरचा रीडर, म्हणजे टॅग वाचणारं मशीन, रेडिओ लहर सोडतो, त्या लहरीतूनच चिपला ताकद मिळते, आणि तीच लहर परत फेकून चिप आपला नंबर सांगते. लोखंडाला चिकटून साधा टॅग लावला की लोखंड ती लहर परतवतं, टॅगच्या अँटेनाचा मेळ बिघडतो, चिप जागीच होत नाही. आमचे बिन जाळीचे, लोखंडाचे. आत बिडाचे हब (गाडीच्या चाकाचा मधला भाग) ठासून भरलेले. गाडीच्या फाळक्याही लोखंडाच्या. मधल्या रांगेतल्या बिनापर्यंत लहर पोचायची कुठून? वर गंज धरू नये म्हणून मारलेलं तेल आहे, त्या तेलाने टॅगचा गोंद सुटतो आणि टॅगचं एक टोक उचकटतं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस कसा असतो ते बेळगावकराला सांगायला नको. ओल्या टॅगवर पाण्याचा थर बसला की पाणी लहर पिऊन टाकतं.

यावर उपाय आहे. धातूवर चालणारे वेगळे टॅग मिळतात. त्यांच्या पोटात फोमचा किंवा सिरॅमिकचा थर असतो, तो अँटेनाला लोखंडापासून लांब ठेवतो. पण साध्या लेबलच्या कितीतरी पट किंमत. हे मी दोनदा लिहून दिलं. उत्तर आलं, टॅग ठरवून दिलेल्या प्रकारचेच लावा, खर्च व्हेंडरचा. "फास्टॅग चालतो ना, मग हे का चालणार नाही?" असं एक साहेब मला म्हणाले. साहेब, फास्टॅग काचेवर असतो, लेनमध्ये एका वेळी एकच गाडी असते, आणि तिथे टॅग लागला नाही तर गाडी दोन दिवस उभी करत नाहीत. लहरींचा पट्टा एकच आहे, ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणून काम एक होत नाही.

आणि चाचणी कशी घेतली? मी स्वतः होतो. प्लॅस्टिकचे कोरे बिन, रिकामे, कोरड्या शेडमध्ये, ट्रॉलीवरून सावकाश नेलेले. शंभर टक्के वाचन. टाळ्या झाल्या. मी विचारलं, माल भरून, ताडपत्री काढून, गाडीसकट बघू या का? तर म्हणे पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा म्हणजे आमची गाडी, आमचा ड्रायव्हर, आमचा पैसा.

पण माझा खरा राग या ९ टॅगांवर नाहीच. राग आहे रिकाम्या बिनांवर. बिन आमचे, आमच्या पैशाने बनवलेले. माल उतरला की ते परत यायला पाहिजेत. दर महिन्याला काही येत नाहीत. विचारलं की, तुमच्याकडेच असतील, नीट मोजा. आता टॅग लागलाय ना? मग कुठल्या बिनाने कुठल्या दिवशी गेट ओलांडलं, तो बाहेर गेला की नाही, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. ते आम्हाला दाखवा एवढंच मागितलं. उत्तर: ही माहिती बाहेर देता येत नाही. माझ्याच बिनाची माहिती मला बाहेरची! टॅगला पैसे मी दिले, प्रिंटर मी घेतला, नंबर आणि चलन जुळवायला मुलगी मी ठेवली, आणि माझा बिन त्यांच्या आवारात कुठल्या कोपऱ्यात पडलाय हे मलाच कळायचं नाही. बिन नाहीत म्हणून पुढचा माल गोणपाटावर रचायचा, आणि मग पॅकिंग नीट नाही म्हणून परत डेबिट नोट.

लहान कारखानदाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं असा २००६ चा कायदा आहे. आमचं बिल त्याच्या दुप्पट दिवसांनी सुटतं. दंड मात्र त्याच महिन्यात कापून घेतात, तिथे सिस्टिम कधी अडत नाही.

मी या तंत्राच्या विरोधात नाही, हे ठासून सांगतो. उद्या एखाद्या हीटच्या, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या, बिडात दोष निघाला, तर ते हब कुठल्या बिनातून कुठल्या दिवशी कुठल्या लाइनला गेले हे मिनिटात कळायला हवं. रस्त्यावर माणसाचा जीव त्यावर आहे. पण त्यासाठी बिनाचा नंबर हीट नंबरला जोडावा लागतो, आणि तो रकानाच त्यांच्या फॉर्मात नाही! मी वहीत लिहून ठेवतो, पेनाने, रोज.

या महिन्याच्या बैठकीला मी तीन कागद घेऊन जाणार आहे. टॅग न लागलेला बिन बारकोडने तिथल्या तिथे आत घ्या, गाडी अडवू नका. धातूवरच्या टॅगचा निम्मा खर्च तुम्ही उचला. आणि माझ्या बिनांची यादी मला रोज द्या. दोन-तीन शेजारी व्हेंडर सही करायला तयार आहेत, बाकीचे ऑर्डर जाईल म्हणून भितात, आणि त्यांना मी दोष देत नाही. आज रात्री परत ४० बिन भरायचे आहेत. टॅग तेच, साधे.