४२ रुपयांची पावती आणि ३,४१५ डॉलरची मेल

गेल्या गुरुवारी कॉम्प्लेक्सच्या ऑफिसकडून लीझ रिन्यूअलची मेल आली. पहिलीच ओळ, "तुम्ही आमच्या परिवाराचा भाग आहात याचा आम्हाला आनंद आहे." अशी सुरुवात दिसली की मी वाचत बसत नाही, थेट खाली आकड्यावर जाते. महिन्याचं भाडं ३,१५० डॉलरवरून ३,४१५. तेही पूर्ण बारा महिन्यांचं लीझ घेतलं तर. महिना-महिना राहायचं म्हटलं तर ३,९०० च्या वर. दुसऱ्या गाडीच्या पार्किंगचे वेगळे, कचऱ्याचे वेगळे.

घर कसं आहे तेही सांगते. कॅलिफोर्नियातलं सनीव्हेल, दोन बेडरूम, सत्तरच्या दशकातली दुमजली लाकडी बिल्डिंग. वरच्या मजल्यावरचं पोरगं पळालं की आमच्या डाळीच्या पातेल्यावरचं झाकण वाजतं. ओव्हनचा डावा कोपरा जास्त तापतो, त्यामुळे केक केला की एका बाजूने करपतो. तक्रार केली की एक सज्जन माणूस येतो, ओव्हन उघडतो, बंद करतो आणि "नॉर्मल आहे" म्हणून जातो.

नवरा म्हणाला, चल, दुसरीकडे बघू. दोन शनिवार-रविवार हिंडलो. नव्या बिल्डिंगांवर 'सहा आठवडे मोफत'चे बोर्ड होते. पण ते मोफत पहिल्या वर्षापुरतं, आणि पुढची वाढ मूळ भाड्यावर. वर ट्रकचा खर्च, नवीन डिपॉझिट (जुलै २०२४ पासून कायद्याने बहुतेक मालकांना एका महिन्याच्या भाड्याएवढंच डिपॉझिट घेता येतं, तेवढं एक बरं झालं), आणि मुख्य म्हणजे शाळा. इथे रस्ता बदलला की शाळा बदलते. लेक सहावीत आहे, तिच्या दोन मैत्रिणी आत्ता कुठे जमल्यात. सही केली.

आता तिकडच्या मंडळींच्या कमेंट्स येण्याआधीच उत्तर देते. "तुम्हाला काय, डॉलरमध्ये कमावता." हो, कमावतो. पण आमची सांता क्लारा काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, सॅन होजे हे मुख्य शहर, लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास) अशी जागा आहे, की इथे चौघांचं कुटुंब वर्षाला १,४०,००० डॉलर मिळवत असेल तरी २०२४ च्या सरकारी मोजणीत ते 'कमी उत्पन्न' गटात बसतं. त्या वर्षी चौघांच्या कुटुंबाचं मध्यम उत्पन्न १,८४,३०० डॉलर धरलं होतं. इथल्या लीझिंग ऑफिसांचा सर्रास नियम असा, की पगार भाड्याच्या तिप्पट हवा. म्हणजे आमच्या या वाजणाऱ्या घरात राहायला वर्षाला १,२३,००० डॉलर दाखवावे लागतात. आम्ही दोघं मिळून दाखवतो. लेकीच्या शाळेसमोर रस्ता ओलांडायला मदत करणारी बाई काय दाखवणार? ती कुठे राहते, हे मी चौदा वर्षांत कधी विचारलेलं नाही, हेही आत्ताच लक्षात आलं.

आमच्या पोळीवाल्या ताई कुठे राहतात ते मात्र माहीत आहे, कारण त्यांनी फोन करून सांगितलं. सोलापूरच्या. आठवड्यातून तीन दिवस चाळीस-चाळीस पोळ्या, वर शेंगाचटणीची पुडी. दीड वर्षापूर्वी त्यांचं भाडं वाढलं आणि ते अल्टामाँट पास ओलांडून ट्रेसीला गेले. ती काउंटीसुद्धा वेगळी. त्यांचा नवरा पहाटे अंधारातच निघतो, कधी गाडीने, कधी एसीई ट्रेनने. ती ट्रेन स्टॉकटनहून सॅन होजेला येते, आणि सकाळी तिच्यात बसलेल्यांची तोंडं पाहिली तर आपली कसारा लोकल आठवेल. पोळ्या आता फक्त शनिवारी मिळतात. ट्रेसी म्हणजे इथलं बदलापूर, असं मी गमतीने म्हणायचे. आता म्हणत नाही.

तर मेल आल्यावर मी गणित मांडलं. वाढ ८.४ टक्के. २०१९ च्या एबी १४८२ या राज्याच्या कायद्यानुसार पंधरा वर्षांहून जुन्या बहुतेक अपार्टमेंट्सना वर्षाला पाच टक्के अधिक महागाई, आणि काही झालं तरी दहा टक्क्यांच्या आत, इतकीच वाढ करता येते. म्हणजे आमची वाढ त्या दहाच्या आतच. पण हीच बिल्डिंग आठ-दहा मैलांवर सॅन होजे शहराच्या हद्दीत असती तर वाढ पाच टक्क्यांवर थांबली असती. तिथे सप्टेंबर १९७९ पूर्वीच्या अपार्टमेंट्सना शहराचा वेगळा नियम लागू आहे. सनीव्हेलला तसा नाही.

१९७९ च का, म्हणून शोधत गेले आणि तिथे मला आमची गिरगावातली चाळ सापडली.

झालं असं. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ (थेट लोकांच्या मताला टाकलेला कायदा) मंजूर केलं. मूळ घरपट्टी किमतीच्या एक टक्का, आणि कागदावरची ती किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढवायची. घर विकलं गेलं की नव्या किमतीला नवी पट्टी. कारण खोटं नव्हतं. किमती भराभर चढत होत्या, पेन्शनवरच्या म्हाताऱ्यांना पट्टी भरणं जड जात होतं. मोहिमेचा म्होरक्या हॉवर्ड जार्विस भाडेकरूंनाही सांगत होता, की मालकांची पट्टी कमी झाली की तुमची भाडीही उतरतील. (हे गृहस्थ लॉस एंजेलिसच्या अपार्टमेंट-मालकांच्या संघटनेचे पदाधिकारी होते. असो.) भाडी काही उतरली नाहीत. भाडेकरू भडकले, आणि १९७९ मध्ये सॅन होजे, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांनी भाडेनियंत्रण आणलं.

आता हे पैशांत बघा. १९८० मध्ये कोणी एक लाख डॉलरला घर घेतलं असेल, तर दोन टक्क्यांनी पंचेचाळीस वर्षांत त्याची कागदावरची किंमत होते २,४४,००० च्या आसपास. पट्टी सुमारे २,४४० डॉलर. शेजारचं तसंच घर कोणी आज २४ लाख डॉलरला घेतलं (सनीव्हेलमध्ये हा आकडा मुळीच अचाट नाही), तर त्याला २४,०००. रस्ता तोच, शाळा तीच, अग्निशमन दल तेच. फरक फक्त कोण आधी आलं याचा.

हे मला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. ठाकूरद्वारला आमच्या दोन खोल्यांचं भाडं ४२ रुपये होतं. मेहताजी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचा, चहा घ्यायचा, पावती फाडायचा. पावती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती तरी. कपाटाच्या लॉकरमध्ये आईचे दागिने वर आणि पावत्यांची फाइल खाली, आणि आग लागली तर आधी काय उचलायचं याबद्दल घरात दुमत नव्हतं. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला गोठवली होती. त्या वेळी ते गरजेचंच होतं. पण ती गोठलेलीच राहिली. मालक दुरुस्ती करेना, कारण ४२ रुपयांत तो तरी काय करणार? गॅलरीला लाकडी टेकू लागले, ते टेकू वाळत घातलेल्या साड्यांमागे लपले. आम्ही सुखात होतो. पण माझ्या मामेभावाचं लग्न झालं तेव्हा अख्ख्या गिरगावात त्याला परवडेल अशी खोली नव्हती. पागडी मागत होते ती त्याच्या वडिलांच्या फंडाहून जास्त. तो डोंबिवलीला गेला.

माझ्या मते प्रॉप १३ ही मालकांची पागडी आहे. तिकडे भाडेकरू गोठलेल्या भाड्यावर बसला, इकडे मालक गोठलेल्या पट्टीवर बसलाय. दोन्हीकडे आत असलेला हलत नाही, आणि उशिरा आलेला सगळा फरक भरतो. गिरगावात मी आत होते आणि इथे बाहेर आहे, एवढ्यावरून माझी मतं बदलली असतील का, हा प्रश्न नवऱ्याने विचारला. बदलली असतील. म्हणून भाडेनियंत्रणाच्या बाबतीत मी अजून कुंपणावर आहे. १९९५ च्या कोस्टा-हॉकिन्स कायद्याने शहरांचे हात बांधले. नव्या बिल्डिंगांना आणि सुट्या घरांना नियंत्रण लावता येत नाही, आणि भाडेकरू घर सोडून गेला की भाडं पुन्हा बाजारभावाला. तो सैल करायला किंवा काढून टाकायला २०१८, २०२० आणि २०२४ अशी तीनदा मतं घेतली, तिन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. मला विचाराल तर आमच्यासारख्यांना वर्षाला किती वाढ होणार याचा अंदाज हवा, पण ४२ रुपये नकोत. टेकू पाहिलेत मी.

खरी गोम घरांच्या संख्येत आहे. घरपट्टीचा हात आखडला, तेव्हा गावांना दुकानं आणि ऑफिसं जास्त गोड लागायला लागली. दुकानांतून विक्रीकर मिळतो, आणि ऑफिसातला माणूस संध्याकाळी शाळा मागत नाही. क्युपर्टिनोत ॲपलचं ते गोल ऑफिस २०१७ मध्ये उघडलं, बारा हजार माणसांसाठी. तिथून जवळच व्हॅल्कोच्या जुन्या मॉलच्या जागी २,४०२ घरांची योजना २०१८ मध्ये मंजूर झाली. मॉल पाडला, आणि पुढे कितीतरी वर्षं मी तिथून जाताना कुंपणाआड माती बघतेय. सॅन होजेत राहण्यासाठी राखलेल्या जमिनीपैकी ९४ टक्के जमिनीवर वर्षानुवर्षं फक्त एका कुटुंबाचं सुटं घर बांधायची मुभा होती. एवढं मोठं शहर, आणि मजला चढवायचा म्हटलं की धर्मसंकट.

राज्याने आता हिशेब मागितलाय. २०२३ ते २०३१ या काळात सनीव्हेलने ११,९६६ आणि सॅन होजेने ६२,२०० घरांची सोय करायची. कागदावर सगळे हो म्हणतात. प्रत्यक्षात काय होतं ते बघायला मी एका सिटी कौन्सिलच्या मीटिंगला गेले होते. गावाचं नाव घेत नाही. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या जागी पाच मजली बिल्डिंग, शंभरावर घरं, त्यातली काही कमी उत्पन्नवाल्यांसाठी. बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं. समोर लाल-हिरवा दिवा.

तिसऱ्या नंबरवर उठले आपलेच एक काका. नव्वदच्या दशकात आलेले, तेव्हाच घर घेतलेले. आम्ही नवीन होतो तेव्हा त्यांनी आम्हाला त्यांचा सोफा दिला होता, स्वतः गाडीवर बांधून आणून. दर वर्षी त्यांच्या गॅरेजमध्ये गणपती बसतो आणि दीडशे माणूस जेवून जातं, तेव्हा पूर्ण गल्लीत गाड्या लागतात. काका माइकवर म्हणाले, घरांना माझा विरोध नाही, पण इथे पार्किंगचा प्रश्न होईल, शाळांवर ताण येईल, परिसराचं स्वरूप बदलेल. टाळ्या पडल्या. त्या सभागृहात बहुतेक सगळे स्वतःच्या घरातून आलेले होते. त्या शंभर घरांत जे राहायला येणार, ते कोण आहेत हे अजून त्यांनाच माहीत नव्हतं, ते कुठून येणार?

माझा नंबर अकरावा होता. मी ट्रेसीच्या पोळ्यांबद्दल बोलायला लागले आणि मुद्द्यावर यायच्या आत दिवा लाल झाला. इंग्रजीत पोळ्यांचं महत्त्व दोन मिनिटांत समजावणं कठीण आहे.

बाहेर पार्किंगमध्ये काका भेटले. रागावले नव्हते. "अगं, आम्हीपण फार ओढाताण करून घेतलं होतं घर," म्हणाले. खरं आहे ते. मग फोनमध्ये नातवाचे फोटो दाखवले. मुलगी टेक्सासला राहते, वर्षातून दोनदा भेट होते. "इकडे यायचं म्हणतात, पण इथे त्यांना परवडत कुठे," असं म्हणून त्यांनी गाडीचं दार उघडलं. मी काही बोलले नाही. सोफा आठवला.

काहीच होत नाही असंही नाही. २०१६ मध्ये काउंटीच्या मतदारांनी परवडणाऱ्या घरांसाठी ९५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, त्यातून बिल्डिंगा उभ्या राहिल्यात. पण २०२३ च्या मोजणीत काउंटीत ९,९०३ माणसं बेघर होती. पालो आल्टो ते सॅन होजे धावणाऱ्या २२ नंबरच्या बसला लोक 'हॉटेल २२' म्हणत, कारण ती रात्रभर चालायची आणि लोक तीत झोपायला चढायचे. तिकिटात चाकांवरचं छप्पर. रोख्यांतली घरं त्या मानाने हळू चढतात.

आता मुद्द्याचं. मला इथे मत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत चौदा वर्षं झाली. पण कौन्सिलसमोर बोलायला मतदार असावं लागत नाही, नागरिकही असावं लागत नाही, हे आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. आपण मराठी शाळेच्या हॉलच्या भाड्यावरून व्हॉट्सॲपवर चारशे मेसेज करतो. स्वतःच्या भाड्यावरून एकही नाही, कारण भाड्याने राहतो हे सांगायची थोडी लाजच वाटते. चौदा वर्षं झाली आणि अजून घर नाही घेतलं, या वाक्यातला 'अजून' मी बऱ्याच हळदीकुंकवांत ऐकलाय.

त्या फर्निचरच्या दुकानाच्या जागेचा निर्णय पुढे ढकललाय. पुढची मीटिंग येत्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता. मी साडेसहाला सनीव्हेलहून निघेन, गाडीत तीन जागा आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये मेसेज करा. बोलायचं नसेल तरी चालेल, नुसतं येऊन बसा. काका असतीलच. त्यांच्या शेजारी बसायलाही हरकत नाही, त्यांच्याकडे नेहमी चकल्या असतात.